केळीवरच्या हरण्या रोगाचा फोटो शेतातल्या फोनवर उघडतो का? चित्रांचे दुवे बदलण्याआधीच्या ब्राउझर-चाचणीचं एक प्रकरण

रावेर-यावल पट्ट्यातले काही केळी उत्पादक मिळून एक संकेतस्थळ चालवतात. केळीचे भाव, मृगबाग आणि कांदेबाग या केळीच्या दोन लागवड-हंगामांचं खतांचं वेळापत्रक, टिश्यूकल्चर रोपांची माहिती असं बरंच काही त्यावर आहे. पण पावसाळा लागला की लोक उघडतात ती रोगओळखीची पानं. शेतकरी बागेत उभा राहून समोरच्या पानावरचे डाग फोनमधल्या फोटोशी ताडून बघतो. संकेतस्थळाचा खरा उपयोग हाच.

इथे दोन रोगांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय त्यांच्यावरून झाले. आपल्याकडे ज्याला हरण्या म्हणतात तो कुकुंबर मोझॅक विषाणूमुळे होतो आणि मावा ही कीड तो पसरवते. कोवळ्या पानांवर शिरांना समांतर, तुटक, फिकट पिवळ्या रेषा दिसतात. त्यावर औषध नाही. झाड मुळासकट उपटून नष्ट करावं लागतं. करपा, म्हणजे सिगाटोका, हा बुरशीचा रोग. त्यातही सुरुवातीला बारीक पिवळसर ठिपके आणि रेषा येतात, मग त्या तपकिरी होत जातात. रोगट पानं कापून, बुरशीनाशक फवारून बाग सावरता येते. म्हणजे एका रोगात झाड काढायचं, दुसऱ्यात वाचवायचं, आणि पहिल्या आठवड्यात दोन्हींच्या रेषा नवख्या डोळ्याला सारख्याच वाटू शकतात. फोटो धूसर आला तर चांगलं झाड उपटलं जाईल किंवा हरण्याचं झाड बागेत राहून मावा त्याचा विषाणू शेजारच्या ओळीत नेईल. त्यामुळे या पानांवर मजकुरापेक्षा चित्राची जबाबदारी मोठी आहे.

संकेतस्थळाची जुनी बांधणी साधी होती. प्रत्येक लेखात छोटा फोटो, आणि त्यावर बोट ठेवलं की मूळ मोठा जेपीजी फोटो उघडायचा. सगळ्या चित्रांचे दुवे पूर्ण पत्त्याचे होते, सुरुवातीला एचटीटीपी, पुढे संकेतस्थळाचं नाव, मग फोल्डर आणि फाइल. बऱ्याच फाइलींची नावं देवनागरीत होती, कारण फोटो टाकणाऱ्याला तेच सोयीचं होतं. एका पानावर फोटो भरपूर असल्याने पान उघडायला वेळ लागायचा. सातपुड्याच्या पायथ्याशी, पाल किंवा अडावदच्या बाजूच्या शिवारात नेटवर्क एका रेषेवर येतं तेव्हा हा वेळ फारच जाणवतो.

बदलाचा प्रस्ताव योग्य कारणासाठीच आला होता. संकेतस्थळ चालवणाऱ्या तरुणांचं म्हणणं असं, की सगळी चित्रं वेबपी या नव्या फाइल-स्वरूपात करू, म्हणजे ती हलकी होतील. प्रत्येक चित्राच्या तीन-चार रुंदीच्या प्रती करू आणि ब्राउझरला हवी ती घेऊ देऊ. चित्रं वेगळ्या सर्व्हरवर, वेगळ्या उपनावाखाली (सबडोमेनखाली) ठेवू. वाचक खाली सरकेल तसतशी ती जावास्क्रिप्टने आणू. दुवे एचटीटीपीएसचे, म्हणजे सुरक्षित जोडणीचे, करू आणि देवनागरी फाइलनावांच्या जागी रोमन नावं देऊ. जुनं फोल्डर मग काढून टाकू.

चाचणीचं काम माझ्याकडे आलं. त्या बैठकीत गटातल्या सर्वांत ज्येष्ठ अण्णांनी एक वाक्य सांगितलं आणि मी तेच चाचणीचं माप म्हणून घेतलं: "फोटो उशिरा आला तरी चालेल, पण आला पाहिजे, आणि डाग दिसला पाहिजे." त्यातून निकालांची उतरंड ठरली. चित्र स्पष्ट आणि हलकं आलं तर उत्तम. जड आलं तरी चालेल. आलंच नाही तर दोष. आलं, पण डाग ओळखू येणार नाही इतकं लहान किंवा पुसट आलं, तर तो सर्वांत मोठा दोष, कारण बघणाऱ्याला आपण फोटो बघितला असंच वाटतं.

आधी आमच्यासमोर आकड्यांचा तक्ता ठेवला गेला. वेबपी चालणाऱ्या ब्राउझरांचं जागतिक प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर आहे, हे खरंच आहे. हे स्वरूप गूगलने २०१० मध्ये जाहीर केलं. क्रोमने ते लवकर घेतलं, मायक्रोसॉफ्ट एजने २०१८ मध्ये, फायरफॉक्सने जानेवारी २०१९ मध्ये ६५ व्या आवृत्तीत, आणि सफारीने सप्टेंबर २०२० मध्ये १४ व्या आवृत्तीत. पण उरलेले टक्के जगभर सारखे विखुरलेले नसतात. जुने फोन जिथे वर्षानुवर्षं वापरले जातात तिथे ते साचतात. केळीच्या बागेत नेला जाणारा फोन बहुधा घरातला सर्वांत जुना असतो. नवा फोन मुलाकडे कॉलेजात असतो. म्हणून जगाचा तक्ता बाजूला ठेवून आपल्याच सर्व्हरच्या नोंदी बघायच्या असं ठरलं.

त्या नोंदीही नीट निवडाव्या लागल्या. संकेतस्थळावर भेटी मोजणारी एक जावास्क्रिप्ट होती आणि तिच्या हिशेबात जुने फोन जवळजवळ नव्हतेच. ज्या फोनवर ती स्क्रिप्ट चालतच नाही, तो फोन ती मोजणार कसा? सर्व्हरवरच्या कच्च्या नोंदी उघडल्या तेव्हा चित्र वेगळं दिसलं. तिथे काय-ओएस २.५ होतं, म्हणजे २०१७ मध्ये आलेला बटणांचा जिओफोन. अँड्रॉइड ६ वरचा क्रोम होता. ऑपेरा मिनी होता. सेतू केंद्रांतले विंडोज ७ चे संगणक होते, ज्यांवर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती. आणि आयफोन ६ सुद्धा होते. खान्देशातली असंख्य कुटुंबं सुरतेत कामाला आहेत. तिथून सेकंडहँड आयफोन गावी येतात आणि भावाच्या, मेहुण्याच्या हातात वर्षानुवर्षं चालतात. हा फोन आयओएस १२ च्या पुढे जात नाही, म्हणजे त्याला वेबपी समजत नाही. त्यावर क्रोम बसवला तरी फरक पडत नाही, कारण त्या आयफोनवरच्या सगळ्या ब्राउझरांच्या आत सफारीचंच इंजिन चालतं.

संगणकावरच्या क्रोममध्ये फोनचं रूप दाखवणारी सोय आहे, त्यात बघून घेतलं तर पुरे, असं एकाने सुचवलं. ती सोय पडद्याचा आकार आणि ब्राउझरने सांगायचं नाव बदलते. आतलं इंजिन आजचंच राहतं. तिथे जिओफोनच्या आकारातही वेबपी झकास दिसतं. खरे फोनच गोळा करणं भाग होतं. सावद्याच्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्या दादांनी दुरुस्तीला आलेले, मालकाने परत न नेलेले फोन वापरायला दिले. कृषी सेवा केंद्रावर येणाऱ्या शेतकऱ्यांनी चहा होईपर्यंत स्वतःचे फोन हातात दिले. फैजपूरच्या सेतू केंद्रावर दुपारच्या निवांत वेळात बसू दिलं.

चाचणीचं पान मी एका साध्या कल्पनेवर बांधलं आणि हीच गोष्ट इतरांनी उचलावी असं मला मनापासून वाटतं. जुन्या फोनवर कोणती फाइल आली हे तपासायची साधनं नसतात. म्हणून प्रत्येक प्रतीच्या फोटोवरच रंगीत पट्टी काढून त्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं: जेपीजी ४८०, वेबपी ४८०, जेपीजी ९६०, वेबपी ९६०, याप्रमाणे. म्हणजे पडद्याकडे बघून कोणीही सांगू शकेल की ब्राउझरने काय उचललं. पानावर बदलाची प्रत्येक पद्धत वेगळी, एकेकटी मांडली. सगळे बदल एकत्र तपासले तर बिघाड कशाने झाला ते कळत नाही. फोन हातात असलेल्या माणसाने फक्त एवढंच सांगायचं, की पाचव्या चौकटीत काय लिहिलंय. पारोळ्याकडून रोपं घ्यायला आलेल्या एका शेतकऱ्याने एका चौकटीपाशी थांबून विचारलं, "काय व्हयनं भो, फोटू कोठे गया?" ती नुसत्या वेबपी दुव्याची चौकट होती, फोन जिओचा होता.

पहिला निष्कर्ष तिथेच निघाला. नुसता वेबपी दुवा दिला तर जिओफोन आणि आयफोन ६ दोन्हींवर जागा कोरी राहते. काय-ओएस २.५ चा गाभा फायरफॉक्स ४८ चा आहे आणि फायरफॉक्सला वेबपी यायला ६५ वी आवृत्ती उजाडली. पण एकाच चित्राचे पर्याय ब्राउझरसमोर ठेवणारा पिक्चर हा टॅग मात्र त्याच जिओफोनला कळतो, कारण तो फायरफॉक्सने २०१५ मध्ये ३८ व्या आवृत्तीतच घेतला होता. पिक्चरच्या आत वर वेबपीची ओळ आणि खाली चित्र दाखवणारा नेहमीचा आयएमजी टॅग जेपीजीच्या दुव्यासह ठेवला, तर जिओफोन वेबपीची ओळ वाचतो, हे स्वरूप आपलं नाही म्हणून सोडतो आणि जेपीजी घेतो. आयफोन ६ तेच करतो. इंटरनेट एक्सप्लोररला पिक्चर कधीच कळला नाही. मायक्रोसॉफ्टने तो ब्राउझर जून २०२२ मध्ये निवृत्त केला, तरी एका सेतू केंद्रावर तो उघडा होता. त्याने पिक्चरकडे दुर्लक्ष करून आतला आयएमजी घेतला आणि जेपीजी दाखवलं. म्हणजे न कळणाऱ्या ब्राउझरनेही चित्र दाखवलं, थोडं जड इतकंच.

इथून पुढे प्रत्येक प्रस्तावाला मी एकच प्रश्न विचारत गेलो: ज्या ब्राउझरला हे कळत नाही, तो काय करेल?

जावास्क्रिप्टने चित्र आणण्याच्या पद्धतीत खरा पत्ता एका वेगळ्या गुणधर्मात लपवलेला असतो आणि चित्राच्या पत्त्याची नेहमीची जागा, म्हणजे एसआरसी, रिकामी ठेवतात. स्क्रिप्ट चालली नाही की चित्र नाही. ऑपेरा मिनीच्या जास्त बचतीच्या पद्धतीत पान आधी ऑपेराच्या सर्व्हरवर तयार होतं आणि मग फोनवर येतं. तिथे खाली सरकल्यावर चालणाऱ्या स्क्रिप्टचा भरवसा नाही. आमच्या चाचणीत त्या चौकटी रिकाम्याच राहिल्या. त्याऐवजी ब्राउझरची स्वतःची सोय, म्हणजे लोडिंगला लेझी सांगणं (चित्र पडद्याजवळ येईल तेव्हाच आण), वापरली की प्रश्न मिटतो. क्रोमने ती २०१९ मध्ये घेतली, फायरफॉक्सने २०२० मध्ये, सफारीने २०२२ मध्ये. ज्यांना ती कळत नाही ते ब्राउझर तो शब्द सोडून देतात आणि चित्र लगेच आणतात. हा प्रस्ताव बदलायला कोणाचीच हरकत नव्हती.

वेगळ्या सर्व्हरवर चित्रं ठेवण्याचा मुद्दा मात्र आम्हाला बराच काळ पुरला, आणि हा दोष सहज नजरेतून सुटला असता. अँड्रॉइड ६ च्या एका फोनवर पान व्यवस्थित उघडलं, मजकूर आला, पण नव्या उपनावावरचं एकही चित्र आलं नाही. वेबपी नाही आणि जेपीजीही नाही. त्या फोनवर क्रोमची १०६ वी आवृत्ती होती, अँड्रॉइड ६ ला मिळणारी शेवटची. तिला वेबपी, पिक्चर, एसआरसीसेट (वेगवेगळ्या रुंदीच्या प्रतींतून हवी ती निवडण्याची सोय) सगळं येतं. तक्त्याप्रमाणे तो फोन पूर्णपणे सक्षम होता.

दोष प्रमाणपत्राचा निघाला. एचटीटीपीएसवर प्रत्येक नावाला ओळखीचं एक प्रमाणपत्र लागतं, आणि ते ज्या मूळ प्रमाणपत्रावर टेकतं ते ब्राउझर मानतो त्या यादीत असावं लागतं. मुख्य संकेतस्थळाचं एचटीटीपीएस प्रमाणपत्र जुन्या, सर्वत्र ओळखीच्या मूळ प्रमाणपत्रावर टेकलेलं होतं. चित्रांच्या उपनावासाठी लेट्स एन्क्रिप्टचं मोफत प्रमाणपत्र घेतलं होतं. ते आयएसआरजी रूट एक्स१ या मुळावर टेकतं आणि अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनांच्या यादीत हे मूळ नाही. आधी जुन्या मुळाची साक्ष जोडून ही अडचण टाळली जात होती. ते जुनं मूळ ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं, त्यानंतरही खास सोय करून साखळी चालू ठेवली गेली आणि २०२४ मध्ये ती सोयही संपली. त्या फोनवरचा क्रोम फोनची स्वतःची यादी वापरतो, म्हणून अडतो. फायरफॉक्स आपली यादी आपल्यासोबत आणतो, त्यामुळे त्याच फोनवर फायरफॉक्समध्ये चित्रं दिसली.

यातली काळजीची बाब अशी, की पूर्ण पानाचं प्रमाणपत्र नापास झालं तर ब्राउझर मोठा इशारा दाखवतो, माणूस फोन करून विचारतो. पानाच्या आतल्या चित्राचं प्रमाणपत्र नापास झालं तर ब्राउझर काहीही न बोलता चित्र सोडून देतो. शेतकऱ्याला वाटणार की इथे फोटो टाकलेलेच नाहीत. तो तक्रार करणार नाही, दुसरीकडे बघेल. मोफत प्रमाणपत्राच्या योजनेने जगभरातल्या लहान संकेतस्थळांचं मोठं भलं केलं आहे आणि मी ती इतरत्र वापरतो. पण अँड्रॉइड ६ च्या वाचकांसाठी चित्रं मुख्य संकेतस्थळाच्याच नावाखाली, त्याच प्रमाणपत्राखाली ठेवणं योग्य ठरलं. वेगळ्या सर्व्हरचा प्रस्ताव मागे घेतला गेला.

एचटीटीपी दुव्यांचं प्रकरण याच्या उलट्या दिशेचं होतं. संकेतस्थळ एचटीटीपीएसवर गेलं होतं, पण आतले चित्रांचे दुवे अजून एचटीटीपीचे. जुने ब्राउझर अशी चित्रं दाखवतात, फार तर कुलुपाच्या खुणेत बदल करतात. आताचा क्रोम तोच पत्ता स्वतःहून एचटीटीपीएस करून मागतो आणि तिथे मिळालं नाही तर चित्र दाखवतच नाही. काही फार जुने फोटो दुसऱ्याच एका बंद पडत आलेल्या सर्व्हरवर होते, जिथे एचटीटीपीएस नव्हतं. ते जुन्या फोनवर दिसत होते, नव्यावर गायब होते. ते फोटो आपल्या सर्व्हरवर आणले आणि लेखांतले दुवे संकेतस्थळाच्या मुळापासून सुरू होणारे केले, म्हणजे तिरक्या रेषेने सुरू होणारे, नाव आणि एचटीटीपी न लिहिता. लेख ज्या पानावरून उघडेल त्या पानाचाच मार्ग चित्रही घेतं. फक्त व्हॉट्सॲपवर दुवा पाठवल्यावर दिसणाऱ्या छोट्या चित्रासाठी पूर्ण एचटीटीपीएस पत्ता ठेवावा लागला, कारण ते चित्र पानाच्या बाहेरून मागितलं जातं. ते जेपीजीच ठेवलं.

आता देवनागरी फाइलनावं. हा भाग मराठी संकेतस्थळ चालवणाऱ्या प्रत्येकाने तपासून घ्यावा. "शेतकऱ्यांची-बाग" अशा नावाच्या फाइली कधी दिसायच्या, कधी नाही, आणि सगळे याला ब्राउझरचा दोष समजत होते. मी "ऱ्य" वर थांबलो. हे जोडाक्षर संगणकात तीन तऱ्हांनी साठवलं जाऊ शकतं. एकात नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, "ऱ" हा एकच सांकेतिक अंक असतो. दुसऱ्यात साधा "र" आणि त्याला वेगळा नुक्ता असे दोन अंक असतात. तिसऱ्यात "र", हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारा जोडक असतो. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. लिनक्स सर्व्हरच्या दृष्टीने त्या तीन वेगळ्या फाइली आहेत, आणि ब्राउझर पत्त्यातली अक्षरं जशी मिळाली तशीच पाठवतो, त्यांचं एकरूप करून देत नाही. एकाने संगणकावरच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डने फाइलचं नाव लिहिलं, दुसऱ्याने फोनच्या कीबोर्डवरून दुवा लिहिला, तर दोघांचं "ऱ्य" वेगळं असू शकतं. शिवाय काही फोटो एका जुन्या मॅकवरून चढवले गेले होते. त्या मॅकची फाइलव्यवस्था "ऱ" तोडून "र" आणि नुक्ता असा साठवते. घराचा पत्ता बरोबर वाचला जातो आणि पोस्टमनला मात्र तो दुसऱ्या गावाचा वाटतो, तसा हा प्रकार.

दुसरी अडचण लांबीची. पत्त्यात देवनागरी अक्षर पाठवताना प्रत्येक सांकेतिक अंकाचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन खुणांनी लिहिला जातो, म्हणजे एका "क" ला नऊ खुणा. व्हॉट्सॲपवर कॉपी केलेला असा पत्ता चार-पाच ओळींचा होतो आणि लोक तो अर्धा कापून पाठवतात. नव्या फाइलींना लहान लिपीतली रोमन नावं आणि आडवी रेघ, हा नियम एकमताने झाला. देवनागरी वर्णन आता पर्यायी मजकुरात जातं, जिथे त्याची खरी गरज आहे: "कोवळ्या पानावर शिरांना समांतर तुटक पिवळ्या रेषा, हरण्या". चित्र आलं नाही तर ही ओळ दिसते, आणि अंधुक नजरेच्या वाचकासाठी फोन ती वाचूनही दाखवतो.

एसआरसीसेटची चाचणी वरवर बघता लगेच पास झाली. जिओफोनचा पडदा २४० बाय ३२० बिंदूंचा. त्याने ४८० ची सर्वांत लहान प्रत घेतली. सगळ्यांना आनंद झाला, आणि इथेच मला अण्णांचं दुसरं अर्धं वाक्य आठवत होतं: डाग दिसला पाहिजे. ४८० बिंदूंच्या प्रतीत हरण्याच्या तुटक रेषा सलग दिसत होत्या, आणि करप्याचे ठिपके नुसती पिवळी झाक. टचस्क्रीन फोनवर शेतकरी दोन बोटांनी फोटो मोठा करतो, पण त्या हालचालीने ब्राउझर मोठी प्रत नव्याने मागत नाही, आहे तीच ताणतो. पडद्याच्या रुंदीवरून प्रत निवडणं सजावटीच्या चित्रांसाठी बरोबर आहे. रोगाच्या फोटोत वाचक पडद्यापेक्षा जास्त बघू पाहतो.

यावर तोडगा असा काढला. रोगओळखीच्या पानांवर छोट्या प्रतीची किमान रुंदी ९६० ठेवली. पानाचा पूर्ण फोटो आणि डागाचा जवळून काढलेला फोटो वेगवेगळे केले, म्हणजे लहान प्रतीतही डाग मोठाच असतो. आणि फोटोवर बोट ठेवलं की मोठं मूळ जेपीजी उघडण्याची जुनी पद्धत तशीच राहू दिली. प्रस्तावात ती काढून जावास्क्रिप्टचा सरकता फोटोसंच घालायचा होता. साधा दुवा मात्र प्रत्येक ब्राउझरमध्ये, प्रत्येक काळात चालतो, आणि बटणांच्या फोनवरही मधलं बटण दाबलं की उघडतो.

चित्र पानावर किती रुंद दिसणार हे ब्राउझरला सांगणारा साइझेस हा गुणधर्म विसरला तर काय होतं तेही बघितलं. तो नसेल तर ब्राउझर धरून चालतो की चित्र पूर्ण पडद्याच्या रुंदीचं आहे, आणि चार छोट्या फोटोंच्या ओळीसाठीही मोठ्या प्रती आणतो. आणखी एक सूचना चाचणी करणाऱ्यांसाठी: क्रोमच्या साठवणीत (कॅशमध्ये) मोठी प्रत आधीच असेल तर तो लहान जागेतही तीच दाखवतो. म्हणून दर वेळी साठवण पुसून किंवा गुप्त खिडकीत तपासावं, नाहीतर निकाल चुकीचे लिहिले जातात.

एक मधला मार्गही पुढे आला होता. दुवा जेपीजीचाच ठेवायचा आणि ब्राउझर मागणीसोबत कोणती स्वरूपं चालतील हे सांगतो ते वाचून सर्व्हरने त्याच पत्त्यावर वेबपी पाठवायचं. लेखांना हात लावावा लागणार नाही, म्हणून हा मार्ग मोहक वाटतो. मी विरोध केला. सर्व्हर आणि फोनच्या मध्ये कुठे अशी साठवण असेल आणि तिला नीट सूचना दिली नसेल तर एका फोनसाठी ठेवलेलं वेबपी दुसऱ्या फोनला जातं. शिवाय इथले लोक फोटो नुसता बघत नाहीत, उतरवून घेतात. कृषी सेवा केंद्रवाले आमच्या पानावरचा फोटो घेऊन फ्लेक्स करायला देतात. फोटोशॉपमध्ये वेबपी मुळातून उघडायची सोय २०२२ मध्ये आली. फ्लेक्सवाल्याकडची आवृत्ती त्याच्या कितीतरी आधीची असते. नाव जेपीजी आणि आत वेबपी अशी फाइल तिथे पोचली तर फ्लेक्सवाल्याला ती उघडणार नाही आणि का उघडत नाही तेही कळणार नाही. मोठ्या फोटोचा दुवा जेपीजी असेल तर आतही जेपीजीच असलं पाहिजे, हे ठरवून टाकलं.

जुनं फोल्डर काढून टाकण्याचा विषय शेवटी आला आणि थोडक्यात संपला. गटाने छापलेल्या पत्रकांवर क्यूआर कोड होते, आणि त्यांतले काही थेट फोटोच्या जुन्या पत्त्यावर नेत होते. पत्रकं केळीच्या गोदामांत, सोसायट्यांच्या भिंतींवर चिकटलेली आहेत. ती बदलता येत नाहीत. जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवण्याची सोय करता आली असती. ब्राउझर ती पाळतातही. पण जुनी जेपीजी आहे तिथेच ठेवण्यात काहीच मोडत नव्हतं आणि सर्व्हरवर जागा होती. देवनागरी नावांच्या फाइलींसाठी मात्र "ऱ्य" च्या तिन्ही तऱ्हा एकाच फाइलकडे नेणाऱ्या ओळी लिहिल्या, म्हणजे आजवर जे दुवे मुकाट्याने तुटलेले होते तेही उघडू लागले.

प्रत्यक्ष बदल सगळीकडे एकदम केला नाही. आधी भाव आणि बातम्यांची पानं, मग खतांची, मग टिश्यूकल्चरची. प्रत्येक टप्प्यानंतर सर्व्हरच्या नोंदींत चित्र न मिळाल्याच्या ओळी बघितल्या आणि त्या कोणत्या ब्राउझरकडून आल्या ते वेगळं काढलं. प्रमाणपत्राच्या दोषात मागणी सर्व्हरपर्यंत पोचतच नाही, म्हणून उलटी नोंदही बघावी लागली: पान मागितलं पण त्यातलं एकही चित्र मागितलं नाही, असे फोन कोणते. हा हिशेब अजून दर पंधरवड्याला काढला जातो. हरण्या आणि करप्याची पानं मुद्दाम सर्वांत शेवटी, पावसाळा सरल्यावर, कांदेबागेची लागवड उरकल्यावर बदलली, आणि ती बदलल्यावर चाचणीचं रंगीत पट्ट्यांचं पान तसंच संकेतस्थळावर ठेवलं. कृषी सेवा केंद्रावर एखादा अनोळखी फोन दिसला की तिथला मुलगा ते पान उघडून चौकटींचे आकडे लिहून पाठवतो.